घोडबंदर, भीमथडी आणि धनगरांचा वाडा : दख्खनच्या अश्वसंगोपनाचा एक उपेक्षित अध्याय

१. बंदराचे नाव आणि त्याचा अर्थ

साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर घोडबंदर हे गाव वसलेले आहे. आज ते मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. गावालगतच्या टेकडीवरील किल्ला पोर्तुगीझांच्या अमदानीतील होय. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या परिसराचा प्रदेश पोर्तुगीझांस दिला, तेव्हापासून सुमारे दोन शतके ही खाडी त्यांच्या ताब्यात होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टीवर स्वारी केली, तीत घोडबंदर त्यांच्या हाती आले. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी आपल्या अमलाखाली आणली.

घोड्यांचा व्यापार ज्या बंदरावर चाले ते घोडबंदर, अशी या नावाची उपपत्ती लोकांत रूढ आहे. स्थलनाम हे स्वतः पुरावा नव्हे. ते पुराव्याकडे बोट दाखविणारी खूण होय. परंतु या किनाऱ्यावर घोडे समुद्रमार्गे येत असत याविषयी स्वतंत्र आणि पोर्तुगीझांहून पुष्कळ जुनी साक्ष उपलब्ध आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस चीनहून परतताना हिंदुस्थानच्या किनाऱ्याने गेलेला व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याविषयी एक चमत्कारिक हकीकत नमूद केली आहे. तेथील राजाने समुद्री चाच्यांशी करार केला होता. लुटीतील इतर सर्व माल चाच्यांनी ठेवावा, मात्र हाती लागलेले घोडे राजास द्यावेत, असा तो करार होता. त्याचे कारणही मार्को पोलोने दिले आहे. राजाजवळ स्वतःचे घोडे नव्हते, आणि हिंदुस्थानाकडे येणारे प्रत्येक जहाज अन्य मालाबरोबर घोडे घेऊन येत असे.

या हकीकतीचे महत्त्व वाटते त्याहून अधिक आहे. घोड्यांचे बंदर हे घोड्यांच्या विपुलतेचे नव्हे, तर त्यांच्या दुर्भिक्ष्याचे लक्षण होय, हे तिच्यावरून ध्यानात येते. जेथे घोडा निपजतो तेथे तो समुद्रावरून आणावा लागत नाही. कोकणची भूमी अश्वोत्पत्तीस प्रतिकूल आहे. येथे वर्षास २,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, भाताचा पेंढा घोड्यास निकस ठरतो, सततच्या ओलीने खूर मऊ पडतात आणि पावसाळ्यात दंश करणाऱ्या माश्यांचा उपद्रव वाढतो. अशा माश्यांमुळे पसरणाऱ्या 'सरा' या घोड्यांच्या घातक रोगाचे जंतू ग्रिफिथ इव्हान्स याने १८८० मध्ये पंजाबात डेरा इस्माईलखान येथे शोधून काढले. रोगाचे कारण त्यापूर्वी ठाऊक नव्हते, पण पाणथळ मुलखात घोडा टिकत नाही हा अनुभव मात्र जुनाच होता.

मार्को पोलोने दक्षिणेकडील मअबर देशाविषयी लिहिलेले या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील राजे दरसाल सहस्रावधी घोडे जबर किंमत देऊन विकत घेत. परंतु त्यांची निगा कशी ठेवावी हे कोणास ठाऊक नसल्यामुळे वर्ष संपता संपता फारच थोडे घोडे उरत. त्यांना मांसासह शिजविलेला भात चारण्यात येई. घोड्यांचे वैद्य त्या देशात पोहोचू नयेत अशी दक्षता परदेशी व्यापारी घेत, असेही तो सांगतो. घोडे मरत राहिले तरच नव्या घोड्यांस गिऱ्हाईक मिळणार होते. यात अतिशयोक्तीचा अंश असणे शक्य आहे. तथापि व्यापाऱ्याला घोडा विकावयाचा होता, घोडा जगविण्याची विद्या विकावयाची नव्हती, हा त्यातील मुद्दा खरा आहे. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगीझांनी अरबी व इराणी घोड्यांच्या आयातीवर ताबा मिळविला आणि विजयनगर व विजापूर या दोन्ही दरबारांस त्यांची मनधरणी करावी लागली, ती याच कारणाने.

तेव्हा दख्खनच्या अश्वविद्येचा शोध बंदरावर घेऊन भागत नाही. घोडबंदरावरून उल्हास नदीच्या पात्राने कल्याणकडे आणि तेथून नाणेघाटाने जुन्नरकडे गेले म्हणजे सह्याद्रीपलीकडचा कोरडा मुलूख लागतो. या वाटेवर नाणेघाटाच्या लेण्यात कोरलेल्या सातवाहन राणीच्या लेखात अश्वमेधांचा आणि दक्षिणेत दिलेल्या गाई-घोड्यांचा उल्लेख आहे. घोडा व पशुधन ही येथे प्राचीन काळापासून एकत्र मोजली जात होती. जुन्नरच्या दक्षिणेस व पूर्वेस भीमा, घोड व नीरा यांची खोरी पसरली आहेत. घोडा समुद्रावरून न येता जेथे जन्मास आला आणि वाढला, तो मुलूख हाच होय.

२. भीमथडीचा घोडा आणि मराठ्यांची पागा

'थडी' म्हणजे नदीकाठ. भीमेच्या काठचा तो भीमथडीचा घोडा. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दख्खनमधील नद्यांच्या काठी निपजणाऱ्या घोड्यांची, विशेषतः भीमा व नीरा यांच्या काठच्या घोड्यांची, ख्याती नमूद केली आहे. हा प्राणी अंगाने लहान, परंतु काटक, थोडक्या चाऱ्यावर निभणारा आणि खडकाळ वाटेवर न अडखळणारा. मराठी मनात त्याचे स्थान किती पक्के आहे हे राजा बढे यांच्या ज्या गीतास २०२३ मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, त्यातही भीमथडीच्या तट्टांचे नाव यावे, यावरून दिसून येते.

या घोड्याची कीर्ती मराठ्यांच्या घोडदळाने दूरवर नेली यात संशय नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी देणारा आणि नाल मारणारा यांची गणना सैन्याच्या मूळ घटकातच केलेली आहे, ही गोष्ट अश्वसंगोपनाच्या दृष्टीने बोलकी होय. लष्कराने पावसाळ्यात छावणीस यावे, तेथे दाणा, वैरण व औषधे सिद्ध असावीत, आणि दसऱ्यास बाहेर पडून आठ महिने मुलूखगिरी करावी, असा शिरस्ताही त्याच बखरीत आहे.

छावणीतील घोड्याच्या निगेविषयी शिवाजी महाराजांचे १६७३ मधील एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ मुक्काम केलेल्या लष्कराच्या जुमलेदारांस व हवालदारांस ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आरंभीच बेहिशेबी खर्च केली तर ऐन पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील. त्या मृत्यूचा दोष हलगर्जीपणा करणारांवर येईल. शिवाय चाऱ्यासाठी रयतेस उपद्रव होईल, असा त्यातील आशय आहे. जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेतील आणि गवताच्या गंजीस आग लागेल, येथवर त्या पत्रात दक्षता घेतलेली आहे. घोड्याचे जीवित हे शौर्यावर नव्हे, तर कोरड्या गवताच्या गंजीवर अवलंबून असते, ही जाणीव यात स्पष्ट आहे.

इतिहासग्रंथांतून दख्खनच्या घोड्याची कथा बहुधा येथवरच येऊन थांबते. एकीकडे समुद्रावरून येणारा अरबी घोडा, दुसरीकडे पागेतील तट्टू. परंतु पागेने घोडा वापरला. तो पिढ्यानपिढ्या जगविला कोणी, हा प्रश्न शिल्लकच राहतो. त्याचे उत्तर त्याच भीमा-नीरेच्या खोऱ्यात, मेंढपाळ धनगरांच्या वाड्यात सापडते.

३. वाड्याचा घोडा : कार्य आणि शिकवण

भीमा-नीरेच्या पूर्वेकडील पट्ट्यात वर्षास जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. या मुलखातील धनगर पावसाळ्याचे महिने आपल्या गावी माळरानावर काढतात आणि दसरा-दिवाळीनंतर मेंढरे घेऊन बाहेर पडतात. काही वाडे सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतात, काही घाटमाथ्यावरच्या गावांतून फिरतात. कापणी झालेल्या शेतात मेंढ्या बसवावयाच्या, लेंडीखताच्या मोबदल्यात शेतकऱ्याकडून धान्य अथवा पैसा घ्यावयाचा, आणि मृगापूर्वी परत फिरावयाचे, असे हे चक्र आहे. चार महिने घरी व आठ महिने वाटेवर, हे कालमान पागेच्या कालमानाशी ताडून पाहिले असता दोहोंतील साम्य नजरेत भरते. दोहोंचा पंचांगकर्ता एकच, तो म्हणजे दख्खनचा पाऊस.

या स्थलांतरात घोड्याचे कार्य काय, हे नीट समजून घेणे अवश्य आहे. ऑस्ट्रेलियातील अथवा अमेरिकेच्या पश्चिम भागातील पशुपालक घोड्यावर बसून गुरे वळतो. मंगोलियातही मेंढपाळ घोड्यावरून कळप हाकतो. दख्खनमध्ये तसे नाही. येथे मेंढका पायी चालतो. लहान लहान शेते, मधून उभी पिके आणि अरुंद पाणंदी यांतून कळप न्यावयाचा तर माणसाने मेंढरांबरोबर पायीच असावे लागते. घोडा कळप हाकत नाही, तो घर वाहतो. घोंगड्या, भांडी, धान्य, पालाचे साहित्य, मेंढरांभोवती लावावयाची वाघर, कोंबड्या, चालू न शकणारी नवजात कोकरे, आणि प्रसंगी लहान मूलही त्याच्या पाठीवर असते. पुरुष कळपाबरोबर चरणीच्या वाटेने जातात. घोड्यांचा तांडा निराळ्या व जवळच्या वाटेने मुक्कामी पोहोचतो. म्हणजे कळपाची गती मेंढरू ठरविते, पण मुक्कामाचे अंतर घोडा ठरवितो.

हा घोड्यांचा तांडा स्त्रियांच्या हाती असतो, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ओझे बांधणे, उतरविणे, घोडी सोडणे व धरून आणणे ही कामे मुख्यतः त्याच करतात. पागेत ज्यासाठी बारगीर, मोतद्दार व नालबंद अशी निरनिराळी माणसे वेतनावर असत, ते काम वाड्यात एकटी धनगरीण करते. शालिहोत्राच्या नावावर चालत आलेल्या अश्वशास्त्राच्या पोथ्यांत घोड्याची शुभाशुभ लक्षणे, रंग व भोवरे यांचे सविस्तर विवरण आहे; वाड्यातील ही विद्या मात्र लिहिली गेली नाही, आणि ज्यांच्याजवळ ती होती त्यांची नावेही कोणी टिपली नाहीत.

शिकवणीची रीत या जीवनक्रमातूनच सिद्ध झालेली आहे. शिंगरू आईच्या मागून मोकळे चालते. पहिल्या वर्षीच ते घाट उतरते, नदी ओलांडते, कुत्र्यांचे भुंकणे, मेंढरांची गर्दी व गावातील गलबला यांस सरावते. स्वारीच्या घोड्यास जे धैर्य मागाहून प्रयत्नाने शिकवावे लागते, ते येथे त्याला दुधाबरोबर मिळते. पुढे मोरखीची सवय, मग पाठीवर रिकामे पोते, मग हलके ओझे, अशा पायऱ्यांनी ते कामास लागते. घोड्याच्या कण्याची हाडे पक्की होण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यापूर्वी भारी ओझे लादल्यास पाठ कायमची बिघडते. म्हणून घाई करणे हे तोट्याचेच असते. ओझ्याविषयी दोन नियम कधी मोडावयाचे नसतात. एकूण भार घोड्याच्या वजनाच्या पंचमांशाच्या आसपास असावा, आणि दोन्ही बाजूंस तो समतोल असावा. एका बाजूस झुकलेली गोणी अर्ध्या दिवसात पाठ सोलवटून काढते, आणि पाठ फुटलेला घोडा म्हणजे त्या कुटुंबाचे थांबलेले बिऱ्हाड होय.

४. चारा, पाणी आणि निगा

मेंढरू व घोडा यांचा सहवास केवळ सोयीचा नाही. त्यास शरीरधर्माचा आधार आहे. मेंढी रवंथ करणारी, तिचे पोट चार कप्प्यांचे. ती दिवसा चरते व रात्री बसून रवंथ करते. घोड्याचे जठर लहान. चाऱ्यातील तंतुमय भाग त्याच्या मोठ्या आतड्यात कुजून पचतो. त्यामुळे त्यास थोडे थोडे, पण दीर्घकाळ खावे लागते. निकस व जाडाभरडा चारा पुरेसा मिळाल्यास तो त्यावर निर्वाह करू शकतो. मेंढ्या कोवळे व बारीक वेचतात, घोडा त्यांनी टाकलेली ताटे व उंच गवत खातो. मेंढ्या रात्री वाघरीत बसल्या म्हणजे पुढचे पाय बांधलेली घोडी मुक्कामाभोवती चरत राहतात. दोघांच्या पोटातील जंत बहुतांशी भिन्न जातींचे असल्याने एकाचा संसर्ग दुसऱ्यास सहसा होत नाही. एका शेतातून दोन प्राण्यांचे पोट भरते आणि कोणीच कोणाचा घास हिरावून घेत नाही.

पागेतील घोड्यास हरभऱ्याची चंदी, तोबरा, खरारा आणि अगाडी-पिछाडीचा बंदोबस्त लागे. वाड्यातील घोड्यास यांतील थोडेच मिळते. परंतु जे मिळते ते त्याच्या प्रकृतीस अधिक मानवणारे असते. घोड्यास ओकारी होत नाही. जे पोटात गेले ते बाहेर येण्यास पुढचाच मार्ग. म्हणून एकदम पुष्कळ दाणा खाल्ल्याने उद्भवणारा पोटशूळ हा तबेल्यातील घोड्याचा मोठा शत्रू होय. सतत चालणाऱ्या व सतत चरणाऱ्या घोड्यास त्याचा धोका कमी. त्यास दिवसाकाठी वीस ते चाळीस लिटर पाणी लागते. यासाठी मुक्काम पाणवठ्याजवळ पडतो. कठीण माळावर चालून त्याचे खूर आपोआप झिजतात, तर कोकणच्या ओल्या मातीत ते मऊ पडतात. पाऊस सुरू होण्यापूर्वी घाट चढून वर येण्याची निकड मेंढरांच्या खुरांइतकीच घोड्यांच्या खुरांसाठीही असते. पावसाळी माश्या व त्यांच्याबरोबर येणारा सरा यांपासूनही हे स्थलांतर घोड्यास वाचविते. शास्त्राने कारण शोधण्यापूर्वीच रूढीने उपाय शोधला होता.

मेंढपाळ आणि घोडदळ यांच्यामध्ये भिंत नव्हती, याचे ठळक उदाहरण म्हणजे मल्हारराव होळकर होत. नीराकाठच्या होळ गावच्या धनगर कुटुंबात १६९३ मध्ये जन्मलेला हा पुरुष खानदेशात मामाकडे वाढला, कदम बांड्यांच्या पथकात शिरला आणि पुढे माळव्याचा सुभेदार झाला. त्याच्या उत्कर्षाची कारणे अनेक आहेत. तथापि दूरच्या मजला मारणे, उघड्यावर मुक्काम करणे आणि जागोजागी गवतपाण्याचा अंदाज बांधणे हे मराठी घोडदळाचे गुण वाड्याच्या जीवनातील शिक्षणाशी किती जुळते होते, हे सांगावयास नको.

५. घोडा मोठा करण्याचे प्रयत्न

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजी लष्करास घोडे हवे होते, परंतु भीमथडीचा घोडा त्यांच्या मापास लहान पडे. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात शिरूर तालुक्यात आळेगाव येथे सरकारी अश्वपैदास केंद्र चालविण्यात आले, परंतु ते फार काळ टिकले नाही. पुढे लष्कराची गरज मुख्यतः ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या 'वेलर' घोड्यांनी भागविली. घोडा पुन्हा समुद्रावरून येऊ लागला. या वेळी बंदर घोडबंदर नव्हते, मुंबई होते.

मुंबई शहरातही घोड्यांची मागणी वाढली. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ट्रामसाठी स्टर्न्स आणि किटरेज कंपनीने सुमारे ९०० घोडे ठेवले होते. या घोड्यांस व शहरातील तबेल्यांस लागणारे गवत पुष्कळसे ठाणे जिल्ह्यातून जाई. १९०५ मध्ये घोड्यांची ट्राम बंद पडली. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. पुढे लष्करातील घोडदळाची जागा यंत्रांनी घेतली. शहरात शोभेपुरत्या उरलेल्या व्हिक्टोरिया गाड्यांवरही मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बंदीचा निर्णय दिला. ज्या ज्या कामासाठी घोडा बाहेरून आणला गेला, ते ते काम संपताच तो नाहीसा झाला. वाड्याचा घोडा मात्र राहिला, कारण त्याचे काम राहिले.

६. उपसंहार

अलीकडील वर्षांत कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंद केली. पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील मेंढपाळांच्या तांड्यांत हा घोडा टिकून होता. राजदरबार गेले, पागा मोडल्या, सरकारी केंद्र बंद पडले, आणि तरीही जात उरली, याचे श्रेय कोणाकडे जाते हे यावरून उघड होते.

परंतु नोंदणीने जात टिकत नाही; ती कामाने टिकते. २०१२ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ६ लाख २५ हजार होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी १८८५ पासून वाहू लागल्यावर त्या खोऱ्याचा एक भाग बागायती झाला. उसाच्या शेतात मेंढ्या बसवावयास रान मोकळे होत नाही. माळराने कुंपणात गेली, जुन्या वाटांवर महामार्ग आले, आणि काही वाडे आता आपले बिऱ्हाड टेम्पोतून नेतात. त्यात त्यांचा दोष नाही. रहदारीच्या रस्त्यावरून घोडी व मुले नेणे जिवावरचे काम झाले आहे. मात्र घोडा गेला की ओझ्याचा तोल, शिंगराची वाट आणि रात्रीची चरणी यांचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. माळेगाव, अकलूज व सारंगखेडा येथील घोडेबाजारांत उमदे जनावर आजही मोठ्या किमतीस विकले जाते. पण शर्यतीचे, नाचाचे वा मिरवणुकीचे जनावर ही निराळी गोष्ट आहे.

मार्को पोलोच्या काळी ठाण्याच्या राजास घोडा हवा होता आणि तो मिळविण्यासाठी त्याने चाच्यांशी सख्य केले. त्याच सह्याद्रीच्या पलीकडे घोडा जगविण्याची विद्या विकसित होत राहिली. तिला दरबार नव्हता, पोथी नव्हती आणि किल्लाही नव्हता. घोडबंदरच्या नावात समुद्रमार्गे आलेल्या घोड्याची स्मृती राहिली आहे. भीमा-नीरेच्या काठी निपजलेल्या घोड्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्याची साधने बखरींइतकीच धनगर स्त्रियांच्या अनुभवात शोधावी लागतील. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या व दैवतकथा संगृहीत करून अशा अलिखित साधनांचे मोल दाखवून दिले आहे. वाड्यातील अश्वसंगोपनाची तशीच नोंद, वाटा चालत्या आहेत तोवरच, घेतली जाणे अगत्याचे आहे.